सर म्हणतात शंभर फॉर्म भरून आण, आई म्हणते पैसे जातात कुठे

पत्र: ताई, मी लालबागला राहते, एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. रिसर्च प्रोजेक्ट करायचाय. सरांनी विषय दिलाय ऑनलाइन शॉपिंगबद्दल मुंबईच्या ग्राहकांचं वर्तन, शंभर जणांकडून गुगल फॉर्म भरून घ्यायचा. मैत्रीण म्हणते चाळीस खरे घे, साठ आपणच भरू, सगळे तेच करतात. एका जर्नलचा मेसेजही फिरतोय, पैसे भरा, तीन दिवसांत पेपर छापून सर्टिफिकेट. इकडे आईचं पोळी-भाजी केंद्र आहे, संध्याकाळी रांग असते पण महिनाअखेर हातात काही उरत नाही. परवा आई म्हणाली, एवढं कॉमर्स शिकतेस तर पैसे जातात कुठे ते सांग. मला वाटलं यावरच प्रोजेक्ट करावा, पण एका दुकानावर रिसर्च होतो का? सर हसतील. आणि आईला भीती आहे की सगळं लिहून ठेवलं तर टॅक्सवाले येतील. काय करू? – गोंधळलेली, लालबाग

अगं, आधी उत्तर सांगून टाकते, कारणं नंतर. प्रोजेक्ट आईच्या प्रश्नावरच कर. "पैसे जातात कुठे" हा तुझ्या सरांच्या विषयापेक्षा कितीतरी चांगला रिसर्च क्वेश्चन आहे कारण त्याचं उत्तर मिळालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी काहीतरी वेगळं करणार आहे, पोळीचा भाव बदलेल, कुणाची तरी उधारी बंद होईल, एखादी भाजी बोर्डावरून जाईल. ऑनलाइन शॉपिंगवाल्या प्रोजेक्टचं उत्तर काहीही आलं तरी कोण काय करणार आहे सांग ना? ॲमेझॉनवाले तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत येऊन वाचणारेत का?

असले प्रोजेक्ट मी ढिगाने वाचलेत. "अ स्टडी ऑफ कंझ्युमर बिहेविअर विथ स्पेशल रेफरन्स टू मुंबई सबर्बन", नावातच अर्धं पान जातं. फॉर्म जातो कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तिथून चुलत-मावस भावंडांकडे, सगळे वीस-बावीसचे, सगळे मोबाइलवरच फॉर्म भरतायत, आणि मग निष्कर्ष काय तर मुंबईतली तरुण पिढी मोबाइलवरून खरेदी पसंत करते. अरे वा! आणि तो पाच पायऱ्यांचा स्केल, "पूर्णपणे सहमत" ते "पूर्णपणे असहमत", तो रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये मांडला तो लोकांची मतं मोजायला, लोक खिशात हात घालून काय घेतात ते मोजायला नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला मोठी झालेल्या मुलीला हा फरक मी काय समजवायचा, "डाएटवर आहे, दोनच पोळ्या दे" म्हणणारे काका सहा पोळ्या कसे नेतात ते तूच मला सांगशील.

मैत्रिणीच्या साठ फॉर्मचं म्हणशील तर नको, अजिबात नको. सगळे करतात म्हणून ते खोटं कमी होत नाही. आणि नुसता व्यवहार बघायचा तरी, एकाच माणसाने एका बैठकीत भरलेले फॉर्म ओळखू येतात, शीटमध्ये प्रत्येक फॉर्मची वेळ पडलेली असते, उत्तरं सगळी एकाच वळणाची, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या मॅडमनी नीट एक प्रश्न विचारला की तोंड उघडता येत नाही.

आता, एका दुकानावर रिसर्च होतो का. होतो, आणि छोट्या प्रश्नांवरच चांगला होतो. लांब कशाला जा, आपल्याच महापालिकेच्या शाळांमधलं उदाहरण आहे. 'प्रथम' ही संस्था मुंबईत सुरू झाली, नव्वदच्या दशकात, त्यांचा बालसखी म्हणून कार्यक्रम होता. त्याच वस्तीतली, शाळा पूर्ण केलेली एखादी मुलगी वर्गात मागे पडलेल्या पोरांना रोज दोन तास बाजूला घेऊन वाचन आणि बेरीज-वजाबाकी शिकवायची, बस एवढंच. याने खरंच फरक पडतो का हे बघायला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात काही शाळांत बालसखी एका इयत्तेला दिली, बाकीच्या शाळांत दुसऱ्या इयत्तेला, कुठली शाळा कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, आणि वर्षाच्या शेवटी सरळ तुलना केली. मुलांचे मार्क वाढले, आणि जी सगळ्यात मागे होती त्यांचे जास्त वाढले. पेपर आला २००७ मध्ये, आणि २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना मायकेल क्रेमरबरोबर मिळालं ते अशाच पद्धतीच्या कामासाठी. त्यांच्याकडे शाळा भरपूर होत्या, तुझ्याकडे एक केंद्र आहे, हा फरक आहेच, त्यावर खाली बोलते.

धंद्याचं उदाहरण हवं तर केनियातलं घे, हे मला फार आवडतं कारण सगळा मामला सुट्ट्या पैशांचा आहे. तिथले छोटे दुकानदार मोठी नोट घेऊन आलेलं गिऱ्हाईक सुट्टे नाहीत म्हणून परत पाठवायचे नाहीतर स्वतः दुकान सोडून सुट्टे आणायला धावायचे, आणि याने नफ्याचे ५ ते ८ टक्के जात होते असं २०१४ च्या एका पेपरात दाखवलंय. पण खरी गंमत पुढेच आहे, संशोधक दर आठवड्याला जाऊन नुसतं विचारायचे की सुट्ट्यांअभावी किती विक्री गेली, आणि तेवढ्यानेच दुकानदार जास्त सुट्टे ठेवायला लागले! कुणी काही शिकवलं नव्हतं. लक्षच गेलं नव्हतं इतकंच. आपल्याकडे यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हापासून सुट्ट्यांऐवजी हातात चॉकलेट टेकवणं कमी झालं, पण आईच्या केंद्रात लक्ष न गेलेली दुसरी एखादी गळती नक्की असणार.

ती कुठे असेल याचा माझा अंदाज सांगू? गल्ल्यात. म्हणजे चोरी वगैरे नाही गं, घर आणि दुकान एकाच गल्ल्यातून चालत असणार. दूधवाला आला, दे गल्ल्यातून. भावाचा रिचार्ज, गल्ल्यातून. घरची कणीक दुकानाच्या पिठाच्या डब्यातून, सिलिंडर संपला तर दुकानाचा. यात आईची चूक काहीच नाही, मुंबईतली निम्मी घरगुती केंद्रं अशीच चालत असतील, पण मग महिनाअखेर काही उरत नाही म्हणजे धंदा तोट्यात आहे की घर धंद्यावर चाललंय हे कळायला मार्गच राहत नाही.

आणि तू एम.कॉम.वाली असल्यामुळे तुझा हात लगेच जर्नल-लेजरकडे, म्हणजे रीतसर हिशेबाच्या वह्यांकडे जाणार, तो आवर. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ड्रेक्सलर, फिशर आणि शोअर या तिघांनी छोट्या व्यावसायिकांचे गट केले, एका गटाला रीतसर अकाउंटिंग शिकवलं, दुसऱ्याला फक्त ढोबळ नियम, उदाहरणार्थ घराचे पैसे एका ड्रॉवरमध्ये, दुकानाचे दुसऱ्यात, एकमेकांत मिसळायचे नाहीत. २०१४ मध्ये छापलेला निकाल असा की ढोबळ नियमवाल्यांचा हिशेब सुधारला, रीतसर शिकलेल्यांमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. त्यामुळे आईला ट्रायल बॅलन्स शिकवायला बसू नको, ती तुला लाटण्याने मारेल आणि मी तिच्या बाजूने असेन. दोन स्टीलचे डबे आण. एक केंद्राचा, एक घराचा. आईचा रोजचा पगार ठरव, खरंच ठरव, पोळ्या लाटायला येणाऱ्या बायकांना जसं पोळीमागे देता तसं आईच्या तासांचंही काहीतरी धर, आणि तो पगार रोज रात्री दुकानाच्या डब्यातून घराच्या डब्यात गेला पाहिजे. घरचा खर्च फक्त घराच्या डब्यातून. हे दोन डबे म्हणजेच तुझ्या प्रोजेक्टमधला बदल, आणि डबे यायच्या आधीचे दिवस विरुद्ध नंतरचे दिवस ही तुझी तुलना.

पण डबे आणायच्या आधी एक गोष्ट कर, नंतर करता येणार नाही. आईला विचार, गेल्या महिन्यात सगळं जाऊन किती सुटले असं तुला वाटतं? जो आकडा सांगेल तो तारखेसकट लिही आणि पाकिटात बंद करून ठेव. श्रीलंकेत डी मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ यांनी याच गोष्टीवर काम केलंय, २००९ चा पेपर आहे, त्यात दिसलं की छोट्या दुकानदाराला विक्री किती, खर्च किती असं खोदून विचारून वजाबाकी करण्यापेक्षा सरळ "नफा किती" विचारलेलं जास्त बरोबर निघतं. कारण तेलाचा १५ किलोचा डबा आज येतो आणि पुढचे कित्येक दिवस वापरला जातो, गव्हाचं पोतं एका महिन्यात घेतलं की विक्री पुढच्या महिन्यात, त्यामुळे एका महिन्याची वजाबाकी गंडते. आईचा आकडा आणि तुझ्या वहीचा आकडा यात किती अंतर पडतं हेच तुझ्या प्रोजेक्टचं अख्खं एक चॅप्टर होईल. कदाचित आईच बरोबर निघेल, तेही छाप.

वही साधी ठेव. रोज पोळ्या किती झाल्या, किती गेल्या, किती उरल्या. भाज्यांचं तसंच. उधारी किती दिली, जुनी किती आली. गल्ल्यातून घरासाठी काय उचललं. आणि एक रकाना जो कुणीच ठेवत नाही, पोळ्या संपल्या म्हणून परत गेलेली माणसं, त्यांच्या नुसत्या उभ्या रेघा मारायच्या, पाच झाल्या की आडवी. विक्रीच्या वहीत न झालेली विक्री कधीच दिसत नाही ना, आणि रात्री साडेआठनंतर रोज दहा-बारा माणसं रिकाम्या हाताने जात असतील तर हा आकडा आईने आजवर कधी बघितलेलाच नाही. यूपीआयचं स्टेटमेंट तर आयतंच आहे, प्रत्येक पैशाची वेळ त्यात असते, कुठल्या तासाला गर्दी होते ते त्यातून निघेल, फक्त रोखीवाले त्यात नाहीत हे विसरू नको, आणि रोखीवाले बहुतेक वयस्कर असतील म्हणजे ते वेगळं खाणारेही असतील.

आता ग्राहकाच्या वागण्याकडे. इथे लालबागची असण्याचा तुला जो फायदा आहे तो कुठल्या टेक्स्टबुकात नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार घरोघरी मासे, म्हणजे त्या दिवशी पोळ्या जातात आणि भाजी पडून राहते, बरोबर? संकष्टीला रात्री चंद्र उगवेपर्यंत गिऱ्हाईक नाही. श्रावणात सगळंच उलटं. आणि गणपतीचे दिवस तर लालबागमध्ये हिशेबात धरूच नको, त्या गर्दीवरून वर्षाचा अंदाज बांधलास तर मेलीस. त्यामुळे तुलना करताना बुधवार बुधवारशी, गुरुवार गुरुवारशी. धो-धो पावसाने गाड्या बंद पडल्या तर त्या दिवसापुढे फुली मार, नोंद ठेव, पण पुसून टाकू नको.

एखादा छोटा प्रयोगही बसेल यात. सगळ्या मार्केटिंगवाल्यांचा लाडका जॅमचा प्रयोग तुला शिकवला असेलच, अय्यंगार आणि लेपर, २००० चा पेपर, कॅलिफोर्नियातल्या सुपरमार्केटमध्ये २४ जॅम मांडले तर थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी घेतला, ६ मांडले तर ३० टक्क्यांनी. यावरून "पर्याय कमी करा, विक्री वाढेल" असं सगळीकडे ठोकून सांगतात. वर्गात बहुतेक न सांगितलेली गोष्ट अशी की २०१० मध्ये असे ५० प्रयोग एकत्र करून पाहिले तर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला, कुठे कमी पर्याय बरे, कुठे जास्त. म्हणजे आईच्या बोर्डावर आठ भाज्या असाव्यात की चार, हे कॅलिफोर्नियावरून ठरत नाही, लालबागमध्येच बघावं लागेल. आठ आठवडे घे, दोन-दोन आठवड्यांच्या जोड्या कर, प्रत्येक जोडीत नाणं उडव, छापा आला तर पहिल्या आठवड्यात चार भाज्या आणि दुसऱ्यात आठ, काटा आला तर उलट. विक्री, उरलेली भाजी आणि परत गेलेली माणसं, तिन्ही बघ. फक्त विक्री बघितलीस तर आठ भाज्यावाला आठवडा जिंकलेला वाटेल आणि रात्री फेकलेल्या भाजीचे पैसे कुणी मोजणारच नाही. नाणं का उडवायचं? कारण नाहीतर आई पगाराच्या आठवड्यात आपोआप आठ भाज्या करणार, आणि मग विक्री पगारामुळे वाढली की भाज्यांमुळे ते तुला सांगता येणार नाही.

एक अडचण आधीच सांगते, तू वही लिहायला लागलीस की आई तशीही जपून वागणार, केनियातल्या दुकानदारांसारखीच. त्यामुळे डबे आणायच्या आधीचे दोन-तीन आठवडे नुसती वही चालव, मग डबे. नाहीतर फरक वहीने पडला की डब्यांनी हे कळणार नाही.

सरांकडे जाताना "मला आईच्या दुकानावर करायचंय" असं बोलून सुरुवात करू नको. एक पान लिहून ने, प्रश्न काय, काय मोजणार, कशाशी तुलना. शंभर सॅम्पलचा हट्ट धरला तर सांग की इथे एक माणूस म्हणजे एक सॅम्पल नाहीये, एक दिवस म्हणजे एक निरीक्षण आहे, सत्तर-ऐंशी दिवस होतील आणि त्याखाली हजारो विक्रीच्या नोंदी असतील. काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा खरंच संबंध आहे की योगायोग, ते बघायची चाचणी) हवाच असेल तर तोही लाव, मासेवार आहे-नाही विरुद्ध भाजी उरली-नाही उरली, सरळ दोन बाय दोनचं टेबल, सर खूश. नाव मात्र त्यांच्या पद्धतीचं ठेव बाई, विथ स्पेशल रेफरन्स टू लालबाग टाक, त्यात आपलं काही जात नाही. आणि मर्यादांच्या पानावर स्पष्ट लिही की हे एका केंद्राचं आहे, संशोधक मालकिणीची मुलगी आहे, यावरून मुंबईतल्या सगळ्या केंद्रांबद्दल काही म्हणता येणार नाही. तुझी बाजू यानेच पक्की होते, कारण व्हायवात हाच प्रश्न पहिला येणार आणि उत्तर छापलेलं असेल.

रिव्ह्यू ऑफ लिटरेचरला, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याला, मागच्या वर्षीच्या प्रोजेक्टमधून उचलू नको. डबेवाल्यांना फोर्ब्स मासिकाने सिक्स सिग्मा (म्हणजे जवळजवळ न चुकण्याचा दर्जा) दिलं हे वाक्य मुंबईतल्या अर्ध्या प्रोजेक्टमध्ये सापडेल, आणि १९९८ चा तो लेख लिहिणाऱ्या पत्रकारानेच नंतर सांगितलंय की फोर्ब्सने असं काही प्रमाणपत्र दिलं नव्हतं, त्याने तो शब्दही वापरला नव्हता. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं. मूळ पेपर उघड, निदान पहिली दोन पानं वाच.

आईचे खरे आकडे प्रोजेक्टमध्ये छापू नको हां. पहिल्या आठवड्याची विक्री १०० धर आणि पुढचं सगळं त्याच्या तुलनेत दे, हिशेब तोच राहतो आणि शेजारच्या केंद्रवाल्याला आईची कमाई कळत नाही. उधारीवाल्यांची नावं तर मुळीच नको, ग्राहक १, ग्राहक २. लालबागमध्ये नाव लिहिलं नाही तरी "तिसऱ्या मजल्यावरचे बँकवाले" एवढ्यावरून ओळखतात, तेवढंही लिहू नको.

टॅक्सचं. लिहिल्याने टॅक्स लागत नाही गं, कमाईवर लागतो, आणि यूपीआयचे पैसे तसेही बँकेत दिसतातच. छोट्या धंद्याला प्रिझम्प्टिव्ह पद्धत आहे, उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर रोखीच्या विक्रीच्या ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्याच्या ६ टक्के एवढा नफा धरून रिटर्न भरता येतं, मोठी हिशेबाची पुस्तकं ठेवायची सक्ती नाही. एवढ्यावर आईला टॅक्स लागतोय का हेच आधी बघायला लागेल, बहुतेक नसेल. जीएसटी नोंदणीसाठी वर्षाची २० लाखांची रेष लक्षात ठेव, वही असेल तर निदान आपण रेषेच्या कुठे आहोत ते कळेल. ओळखीच्या सीएकडे एकदा जाऊन या दोघी.

जर्नलला एक रुपया देऊ नको. तीन दिवसांत कुणी पेपर वाचतही नाही, तपासणं तर सोडच. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, ती केअर लिस्ट, मान्य जर्नल्सची यादी, जिचं नाव घेऊन हे लोक मेसेज पाठवतात, ती यूजीसीने बंद केल्याचं २०२५ च्या फेब्रुवारीतच जाहीर केलंय, त्यामुळे "केअर लिस्टेड" असं कुणी आज म्हणत असेल तर तिथेच फोन ठेव. कॉलेजला छापील पेपर लागतोच का हे ऑफिसात विचार.

आणि समजा सरांनी नाहीच ऐकलं, असेही असतात, तर त्यांचाच विषय घे पण फॉर्म पाठवू नको. चाळीतल्या, बिल्डिंगमधल्या पंचवीस-तीस जणांसमोर बस, कॉलेजची पोरं नकोत, चाळिशी-पन्नाशीच्या बायका घे, आधी त्यांना विचार महिन्यात ऑनलाइन किती वेळा मागवता, उत्तर लिही, आणि मग परवानगी घेऊन त्यांनाच ॲपमधली ऑर्डर हिस्टरी उघडून मोजायला सांग. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे. वही तर घरी चालू ठेवच, त्याला सरांची सही लागत नाही.